काचेच्या भांड्यात पेशी वाढवणाऱ्या डॉ. कमल रणदिवे



डॉ. कमल रणदिवे, माहेरच्या समर्थ, यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. मुलीने डॉक्टर व्हावे ही वडिलांची इच्छा. कमलताईंनी जीवशास्त्र निवडले. १९४९ मध्ये पीएच.डी. मिळवून त्या अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात पेशी शरीराबाहेर वाढवण्याचे तंत्र शिकल्या. परतल्यावर मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली.

काचेच्या भांड्यात निरोगी पेशी एकमेकींना भिडल्या की वाढ थांबवतात. काही विषाणू मात्र पेशीत आपली जनुके घुसवतात. मग ती थांबणे विसरते, थरावर थर चढतात. उंदरांच्या स्तनाच्या कर्करोगात असा विषाणू आणि संप्रेरके यांचा संबंध कमलताईंनी तपासला.

१९७३ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली. १९८२ मध्ये त्या पद्मभूषण झाल्या. ११ एप्रिल २००१ रोजी त्यांचे निधन झाले.

दहावीनंतर विषय निवडताना घराघरांत ओढाताण होते, हे आम्ही अवधपुरीत दरवर्षी पाहतो. पालकांना आमची विनंती आहे की, निर्णयाआधी मुलीचे म्हणणे एकदा शांतपणे ऐकावे.