दाढ दुखते की नस? चेहऱ्याच्या दोन नसा वेगळ्या ओळखणारे सर चार्ल्स बेल

गालात विजेचा झटका बसावा तशी कळ येते. काही सेकंद टिकते, थांबते आणि पुन्हा येते. दात घासताना, घास चावताना, दाढी करताना किंवा नुसता वारा लागला तरी ती उठते. जयगडसारख्या खाडीकाठच्या गावात तर वारा चुकवणे कठीण. तवसाळच्या फेरीबोटीवर गाल रुमालाने झाकून उभे राहावे लागते. दुखणे दाढेतच आहे असे वाटते, म्हणून दाढ काढली जाते. कळ तशीच राहते. मग शेजारची दाढही काढली जाते.

तुमच्या घरात कोणाला असा त्रास असेल, तर डॉक्टर गालाला कापूस लावून, जबडा दाबून आणि भुवया उंचवायला सांगून नेमके काय शोधतात, ते समजून घ्या. या साध्या तपासण्यांमागचे बरेचसे ज्ञान सर चार्ल्स बेल या शल्यचिकित्सकाच्या कामातून पुढे आले.

चित्रे काढणारा डॉक्टर

बेल यांचा जन्म १७७४ मध्ये स्कॉटलंडमधील एडिंबरा येथे झाला. वडील धर्मोपदेशक होते. चार्ल्स लहान असतानाच ते वारले आणि घरात पैशांची चणचण सुरू झाली. आईने मुलाला घरीच शिकवले आणि चित्रकलेची गोडी लावली. मोठा भाऊ जॉन शल्यचिकित्सक होता. त्याच्याकडे चार्ल्स शरीररचना शिकले आणि स्वतः पाहिलेल्या अवयवांची चित्रेही स्वतःच काढू लागले.

एडिंबरामधील वैद्यकीय वर्तुळातल्या भांडणांमुळे दोघा भावांना तिथल्या मोठ्या रुग्णालयाचे दार बंद झाले. १८०४ मध्ये चार्ल्स लंडनला गेले. १८०६ मध्ये त्यांनी चित्रकारांसाठी चेहऱ्यावरील भावांच्या शरीररचनेवर पुस्तक लिहिले. हसताना, रडताना, घाबरताना कोणता स्नायू हलतो, हे त्यात चित्रांसह दाखवले होते. १८१५ मध्ये वॉटर्लूच्या लढाईनंतर ते ब्रसेल्सला जखमी सैनिकांवर उपचार करायला गेले आणि त्यांच्या जखमांची चित्रेही त्यांनी काढली.

चेहरा इतका बारकाईने पाहणाऱ्या या माणसाला पुढचा प्रश्न पडला. हे स्नायू हलवतो कोण?

एक नस कळवते, एक नस हलवते

इथे नस म्हणजे रक्तवाहिनी नव्हे, तर मज्जातंतू. चेहऱ्याच्या प्रत्येक बाजूला दोन मोठ्या नसा येतात, पाचवी आणि सातवी. त्या काळी दोघींचे काम नीट वेगळे ओळखलेले नव्हते. त्याची किंमत रुग्ण मोजत होते. चेहऱ्यातली असह्य कळ थांबवण्यासाठी काही शल्यचिकित्सक सातवी नस कापत. कळ थांबत नसे, उलट चेहऱ्याची ती बाजू लुळी पडे.

१८१८ मध्ये जयगडचा किल्ला इंग्रजांच्या ताब्यात गेला. त्यानंतर तीनच वर्षांनी, १८२१ मध्ये, बेल यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे चेहऱ्याच्या नसांवरील निबंध मांडला. गाढवांवर केलेल्या प्रयोगांत त्यांना दिसले की सातवी नस कापली की नाकपुडीची हालचाल थांबते, आणि पाचव्या नसेची शाखा कापली की त्या भागाला वेदना कळत नाही.

बेल यांचा सगळाच अर्थ बरोबर नव्हता. पाचव्या नसेची शाखा कापलेले गाढव ओठाने चारा उचलत नव्हते, म्हणून खाताना ओठ हलवणेही याच नसेचे काम असावे, असे त्यांनी मानले. हर्बर्ट मेयो यांनी ही चूक दाखवली. ओठ हलू शकत होता, पण त्याला चाऱ्याचा स्पर्शच कळत नव्हता. पुढे बेल यांनी आपले जुने निबंध पुन्हा छापताना मजकूर बदलला, अशी टीकाही झाली. फ्रान्समधील माझांदी यांच्याशी श्रेयाचा वाद तर दीर्घकाळ चालला.

या सगळ्यातून निघालेला निष्कर्ष मात्र टिकला. चेहऱ्याची संवेदना आणि वेदना पाचवी नस नेते. चावण्याचे स्नायूही तीच हलवते. चेहऱ्यावरचे हावभाव सातवी नस घडवते. म्हणजे कळेसाठी सातवी नस कापण्यात काहीच अर्थ नव्हता.

हेच ज्ञान तुमच्या तपासणीत

पाचव्या नसेसाठी डॉक्टर कपाळ, गाल आणि हनुवटी अशा तीन भागांना कापसाने व टोकदार वस्तूने हलकेच स्पर्श करतात. दोन्ही बाजूंना सारखेच कळते का, हे ते विचारतात. दात आवळायला सांगून कानशील आणि जबड्याचे स्नायू चाचपतात. तोंड उघडताना जबडा एका बाजूला सरकतो का, कानापुढच्या सांध्यात कट्कन आवाज येतो का, किती बोटे मावतील एवढे तोंड उघडते, हे पाहतात. सातव्या नसेसाठी भुवया उंचवणे, डोळे घट्ट मिटणे, गाल फुगवणे आणि दात दाखवणे एवढे पुरते.

त्यासोबत दंतवैद्य दातांवर ठोकून, थंड लावून आणि एक्स-रे काढून दात खरोखर दोषी आहे का, ते ठरवतात.

गरज वाटल्यास मोठ्या रुग्णालयात पापणीच्या प्रतिक्षेपाची तपासणी होते. भुवईजवळ विजेचा सौम्य धक्का देतात आणि पापणी किती वेळात मिटते, ते यंत्रावर नोंदवतात. संदेश पाचव्या नसेतून आत जातो आणि सातवीतून बाहेर येतो. त्यामुळे एकाच तपासणीत दोन्ही नसांची परीक्षा होते.

ही तपासणी नॉर्मल आली, तर दुखणे मनाचे आहे असा अर्थ काढू नका. ट्रायजेमिनल न्यूराल्जिया या नसेच्या दुखण्यात बहुतेक वेळा या तपासण्या नॉर्मलच येतात. त्याचे निदान मुख्यतः तुम्ही सांगितलेल्या लक्षणांवरून होते. उलट गाल बधिर असेल किंवा तपासणीत दोष दिसला, तर नसेवर गाठीचा दाब किंवा मेंदूचा दुसरा आजार नाही ना, हे एमआरआयने पाहणे अधिक गरजेचे ठरते. सुरुवातीला बहुधा कार्बामाझेपिन हे औषध देतात. ते मनाने सुरू किंवा बंद करू नका. अंगावर पुरळ आले तर लगेच डॉक्टरांना कळवा.

बेल यांचे नाव कुठे राहिले

सातवी नस अचानक सुजून चेहऱ्याची एक बाजू लुळी पडते, त्याला आज बेल्स पाल्सी म्हणतात. आपल्याकडे तोंडावरून वारे गेले असे म्हणतात. सुरुवातीला कानामागे दुखू शकते. यात कपाळालाही आठ्या पडत नाहीत. औषध पहिल्या तीन दिवसांत सुरू झाले तर बरे होण्याची शक्यता वाढते. तोंड वाकडे होण्यासोबत हातपाय लुळे पडले किंवा बोलणे अडखळले, तर तो पक्षाघात असू शकतो. लगेच १०८ वर फोन करा.

१८३१ मध्ये बेल यांना सर हा किताब मिळाला. १८३६ मध्ये ते शस्त्रक्रियेचे प्राध्यापक म्हणून एडिंबराला परतले. शेवटच्या काळात त्यांना हृदयविकाराच्या कळा येत आणि २८ एप्रिल १८४२ रोजी प्रवासात असताना त्यातच त्यांचे निधन झाले. हृदयाची कळ कधी कधी फक्त जबड्यातही जाणवते. चढ चढताना किंवा श्रम करताना जबडा दुखून विश्रांतीने थांबत असेल, तर दाढेआधी हृदय तपासून घ्या. छातीत दडपण किंवा घाम असेल, तर थांबू नका.

डॉक्टरांकडे जाताना

कळ नेमकी कुठे येते, किती सेकंद टिकते, कशाने सुरू होते आणि रात्री झोपेतून उठवते का, हे कागदावर लिहून न्या. आधी काढलेले दात, एक्स-रे आणि चालू औषधे यांचीही माहिती द्या. तंबाखू किंवा गुटखा खात असाल तर लपवू नका. तोंडात न भरणारी जखम, पांढरा चट्टा किंवा कमी होत जाणारे तोंड उघडणे दिसले, तर कर्करोगाची तपासणी आधी करावी लागते. आणि दात काढण्याचा सल्ला मिळाला, तर याच दातात दोष आहे हे कशावरून ठरले, असे निःसंकोच विचारा.