यात्रेची गोष्ट सांगणारे बाबा पदमनजी

यात्रा म्हणजे काय हें नांदेड व लातूर भागांतील मनुष्यास शिकवावयास नको. माहूरच्या डोंगराकडे चाललेलीं कुटुंबें, माळेगांवच्या खंडोबाच्या जत्रेंतील गर्दी, आषाढीस पंढरपुराच्या वाटेला लागलेल्या दिंड्या, हें सर्व आपण लहानपणापासून पाहत आलों आहों. बायकामुलें बरोबर घेऊन, भाकरीचें गाठोडें बांधून दूरच्या वाटेस लागणें ही आपल्या लोकांची जुनी आवड. आणि रात्रीं मुक्कामावर गोष्ट ऐकणें ही दुसरी. ह्या दोन्ही आवडी ज्यांत एकत्र येतात असें पुस्तक मराठींत लिहिणारे बाबा पदमनजी यांचें चरित्र आज सांगावयाचें योजिलें आहे. कल्पित गोष्टींचीं पुस्तकें ख्रिस्ती मनुष्यानें वाचावीं कीं काय, असा प्रश्न मंडळ्यांत कधीं कधीं निघतो. ज्यांस ती शंका असेल त्यांनीं हें चरित्र अवश्य लक्षांत घ्यावें.

बाबांचा जन्म १८३१ सालीं बेळगांव येथें एका कासार कुटुंबांत झाला. त्या काळीं अशा घरांत वाचन म्हणजे पोथीचें वाचन. श्रीधरकवीचे हरिविजय, रामविजय, पांडवप्रताप हे ग्रंथ एकानें मोठ्यानें वाचावे व घरच्यांनीं आणि शेजाऱ्यांनीं ऐकावे, अशी चाल होती. राक्षस, शाप, वर, वनवास व युद्धें यांच्या अद्भुत कथांनीं लहानथोरांचीं मनें भरून जात. बाबांना बेळगांवांतील मिशनच्या शाळेंत घातलें तेव्हां त्यांच्यापुढें दुसऱ्या प्रकारचीं पुस्तकें आलीं. छापील मराठी पुस्तक हीच त्या वेळीं नवलाची वस्तु होती.

अशा नवलाच्या पुस्तकांपैकीं एक, बाबा दहा वर्षांचे असतांना, म्हणजे १८४१ सालीं प्रसिद्ध झालें. त्याचें नांव यात्रिकक्रमण. जॉन बनियन याच्या प्रसिद्ध इंग्रजी ग्रंथाचें तें हरि केशवजी यांनीं केलेलें भाषांतर होय. बनियन हा इंग्लंडांतील एक गरीब कारागीर. फुटकीं भांडीं सांधून तो पोट भरीत असे. परवानगीवांचून उपदेश करतो म्हणून त्याला सुमारें बारा वर्षें तुरुंगांत राहावें लागलें. त्याचा हा ग्रंथ १६७८ सालीं छापला गेला. पाठीवर ओझें घेतलेला एक मनुष्य नाशाचें नगर सोडून स्वर्गीय नगराकडे निघतो. वाटेंत तो चिखलांत रुततो, भयंकर शत्रूशीं लढतो, राक्षसाच्या किल्ल्यांत कैद होतो आणि शेवटीं खोल नदी उतरून पलीकडे पोंचतो. पुढें १६८४ सालीं बनियननें दुसरा भाग लिहिला. त्यांत मागें राहिलेली त्या मनुष्याची पत्नी आपल्या चार मुलांस घेऊन त्याच वाटेनें जाते. म्हणजे प्रथम एकट्याची झालेली यात्रा मागाहून सर्व कुटुंबाची झाली. राक्षस खरा नव्हे, किल्लाही खरा नव्हे. परंतु निराशेंत सांपडलेल्या मनुष्यास तो किल्ला तेव्हांच ओळखूं येतो.

बाबा पुढील शिक्षणासाठीं मुंबईस गेले. तेथें त्यांनीं एल्फिन्स्टन विद्यालयांत व नंतर फ्री चर्च मिशनच्या विद्यालयांत अभ्यास केला. त्याच मिशनच्या रेव्ह. नारायण शेषाद्रि यांनीं पुढें आपल्या मराठवाड्यांत, जालन्याजवळ, बेथेल हें ख्रिस्ती गांव वसविलें. मुंबईंत असतांना बाबा परमहंस सभेंत जाऊं लागले. ह्या सभेचे लोक जातिभेद मानूं नये असें म्हणत, परंतु सभा गुप्त असे. आंत सर्व एक, आणि बाहेर मात्र प्रत्येक जण आपापल्या जातींत. बाबांच्या मनाचीही अवस्था कांहींशी अशीच होती. वाचनानें व अभ्यासानें त्यांची येशू ख्रिस्ताविषयीं खातरी होत चालली, पण तें उघड सांगण्याचा धीर होईना. आईबाप, भाऊबंद, जात, हें सर्व एका दिवसांत तुटावयाचें होतें. त्या काळीं ज्यानें बाप्तिस्मा घेतला तो घरच्यांच्या लेखीं मेल्यासारखाच होई. पुस्तक वाचणें सोपें, परंतु त्याप्रमाणें उंबरठा ओलांडणें किती कठिण, हें त्यांनीं स्वतः भोगलें. अखेर ता. ३ सप्टेंबर १८५४ रोजीं बेळगांव येथेंच, जेथें सर्व लोक त्यांस ओळखत होते त्या गांवीं, त्यांचा बाप्तिस्मा झाला. तेव्हां त्यांचें वय तेवीस वर्षांचें होतें.

ज्याचें घर सुटलें त्यानें पुढें घरांघरांसाठींच लिहिलें, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. १८५७ सालीं त्यांचें यमुनापर्यटन प्रसिद्ध झालें. मराठींतील पहिली स्वतंत्र सामाजिक कादंबरी असा त्याचा मान आहे. यमुना ही शिकलेली तरुण स्त्री. ती आपला पति विनायक याच्याबरोबर देश पाहण्यास निघते. उभयतां गांवोगांव जातात, आणि जेथें जातात तेथें त्यांस विधवा भेटतात. कोणाचें केशवपन झालेलें, कोणाचा घरांत छळ चाललेला, कोणाला फसवून टाकून दिलेलें. नवराबायको हें पाहतात, ऐकतात व त्याविषयीं आपसांत बोलतात. पुढें विनायकाचा मृत्यु होतो, आणि जिनें एवढा वेळ दुसऱ्यांचें दुःख पाहिलें तिच्याच वांट्यास तें दुःख येतें. परंतु यमुना खचत नाहीं. ती ख्रिस्ती धर्म स्वीकारते व पुनर्विवाह करते.

हें पुस्तक निघालें त्याच्या आदल्याच वर्षीं, १८५६ सालीं, सरकारनें विधवांच्या पुनर्विवाहास कायद्यानें मान्यता दिली होती. परंतु कायदा कागदावर राहतो, रूढि मात्र माजघरांत राहते. माजघरांत कायद्यास शिरतां येत नाहीं, उपदेशकासही येत नाहीं. गोष्ट मात्र शिरते. बाबांनीं तीच वाट धरिली. थोड्याच वर्षांनीं, १८६१ सालीं, लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची मुक्तामाला निघाली आणि अद्भुत प्रसंगांनीं भरलेल्या कादंबऱ्यांचा मराठींत सुकाळ झाला. अरबी भाषेंतील चमत्कारिक गोष्टीही त्याच सुमारास मराठींत आल्या. त्या वाचून लोकांची मोठी करमणूक झाली. बाबांच्या पुस्तकांत जादू नाहीं, गुप्त भुयारें नाहींत. त्यांतले राक्षस म्हणजे आपल्याच घरांतल्या दुष्ट चाली. त्याचे दोषही सांगितले पाहिजेत. गोष्ट मधेंच थांबते, लांबलचक संवाद सुरू होतात, आणि वाचणारास पुढें काय झालें हें कळण्यास वाट पाहावी लागते. तरी विधवेचें दुःख तिच्याच तोंडून ऐकविणारें असें पुस्तक मराठींत त्यापूर्वीं झालें नव्हतें.

बाबांनीं पुढें जन्मभर लेखणी खालीं ठेविली नाहीं. १८६० सालीं शब्दरत्नावली हा त्यांचा कोश निघाला; इंग्रजी व मराठी कोशही त्यांनीं रचिले. सत्यदीपिका नांवाचें पत्र चालविलें. पुण्यास कांहीं वर्षें पाळकाचें काम केलें, आणि मग मुंबईस येऊन ग्रंथलेखनास वाहून घेतलें. नव्या करारावर मराठींत टीका लिहिली. आपल्या पूर्वायुष्याची हकीकत त्यांनीं अरुणोदय ह्या आत्मचरित्रांत सांगितली. तें १८८८ सालीं प्रसिद्ध झालें. लहानमोठीं मिळून सुमारें शंभर पुस्तकें त्यांच्या हातून झालीं. ता. २९ ऑगस्ट १९०६ रोजीं त्यांचें देहावसान झालें.

आतां आरंभींच्या प्रश्नाकडे वळूं. कल्पित गोष्ट वाचावी कीं नाहीं? प्रभु येशूनें स्वतः लोकांस दाखले सांगितले. घर सोडून दूर देशीं गेलेला मुलगा, यरीहोच्या वाटेवर लुटला गेलेला प्रवासी, ह्या त्यानें सांगितलेल्या गोष्टी. तो मुलगा कोणत्या गांवचा, असें कोणी विचारीत नाहीं, कारण ऐकणारास तो आपल्याच घरांत दिसतो. गोष्टीची परीक्षा हीच. जी वाचून मनुष्य आपलें घर विसरतो ती थोडा वेळ करमणूक करते. जी वाचून तो आपल्या घराकडे नव्या डोळ्यांनीं पाहतो ती त्याचें कल्याण करते.

आणि पाहण्यासारखें अजून पुष्कळ आहे. यमुनापर्यटन निघाल्यानंतर १६५ वर्षांनीं, २०२२ सालच्या मे महिन्यांत, कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाड ग्रामपंचायतीला असा ठराव करावा लागला कीं, पति मेल्यावर स्त्रीच्या बांगड्या फोडणें, कुंकू पुसणें, मंगळसूत्र तोडणें ह्या चाली बंद कराव्या. त्यानंतर महाराष्ट्र सरकारनेंही इतर गांवांस तसेंच करण्याविषयीं परिपत्रक काढलें. यमुनेनें पाहिलेली वाट अद्याप संपलेली नाहीं. ख्रिस्ती घरांतही विधवेस शुभकार्यांत मागें उभें करण्याची चाल कोठें कोठें राहिली असेल, तर ती आपली आपण शोधून काढावी.

म्हणून वाचकहो, रात्रीं जेवणें झाल्यावर घरांत ज्यास वाचतां येतें त्यानें पुस्तक हातीं घ्यावें व इतरांनीं भोंवतीं बसावें. मुलांस राक्षसाच्या किल्ल्याची गोष्ट सांगावी, मोठ्यांस यमुनेची. आणि शेजारीं एखादी एकटी बाई राहत असेल, तर तिलाही ऐकावयास बोलवावें. तिची जागा मात्र दाराशीं नव्हे, दिव्याजवळ असावी.