शेंगदाण्यापलीकडचे कार्व्हर

कार्व्हर म्हटले की आपल्याकडे आधी शेंगदाणा आठवतो. वीणा गवाणकर यांच्या 'एक होता कार्व्हर' या पुस्तकामुळे हे नाव महाराष्ट्रात घरोघरी पोचले. ५ जानेवारी हा जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांचा स्मृतिदिन. त्यांचे शेतीतले काम बऱ्याच जणांना ठाऊक आहे. पण काळ्या-गोऱ्यांमधली तेढ मिटावी म्हणून हा श्रद्धाळू ख्रिस्ती माणूस कसा झटला, हे त्या मानाने कमी सांगितले जाते.

कार्व्हर यांचा जन्म १८६४ च्या सुमारास अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात, डायमंड गावाजवळ झाला. आई मेरी ही मोझेस कार्व्हर या गोऱ्या शेतकऱ्याने विकत घेतलेली गुलाम. जॉर्ज तान्हा असतानाच टोळीवाल्यांनी मायलेकरांना पळवून नेले. आई पुन्हा कधीच सापडली नाही. पोर तेवढे परत मिळाले, त्याच्या बदल्यात मोझेसने एक घोडा दिला. गुलामगिरी संपल्यावर मोझेस आणि सुझन या नवरा-बायकोने जॉर्जला व त्याच्या भावाला आपल्याच घरी वाढवले. ज्या घराने आईला विकत घेतले, त्याच घराने लेकराला जगवले.

प्रार्थना म्हणजे काय, हे जॉर्जला पहिल्यांदा सांगितले ते शेजारच्या एका गोऱ्या मुलाने. दहाएक वर्षांचा जॉर्ज तेव्हा कोठाराच्या माळ्यावर मका सोलत होता. मुलगा निघून गेल्यावर त्याने मक्याच्या पिंपाशेजारी गुडघे टेकले. तिथून लागलेली श्रद्धा शेवटपर्यंत टिकली.

शाळेचे मात्र हाल. गावची शाळा गोऱ्यांची, म्हणून जॉर्ज चालत निओशो गावी गेला. तिथे मारिया वॉटकिन्स या काळ्या सुईणीने त्याला आसरा दिला, बायबल दिले. पुढे १८७९ मध्ये कॅन्सस राज्यातल्या फोर्ट स्कॉट इथे गोऱ्या जमावाने एका काळ्या माणसाला ठार मारलेले त्याने डोळ्यांनी पाहिले आणि ते गाव सोडले. नंतर हायलँड इथल्या कॉलेजने पत्राने प्रवेश दिला, पण दारात आल्यावर कातडीचा रंग पाहून परत पाठवले. ते कॉलेजही चर्चचेच होते! एकाच धर्माची ही दोन रूपे त्यांनी ऐन तरुणपणी पाहिली.

शेवटी आयोवा राज्यातल्या सिम्पसन कॉलेजात १८९० मध्ये प्रवेश मिळाला. दुसऱ्या वर्षी ते एम्सच्या कृषी महाविद्यालयात गेले, तिथले पहिले काळे विद्यार्थी. तिथे त्यांना इतर मुलांबरोबर जेवू दिले नाही, तळघरात नोकरांच्या पंगतीला बसवले. हे कळताच लिस्टन नावाच्या ओळखीच्या गोऱ्या बाई मुद्दाम एम्सला आल्या. दिवसभर त्यांच्यासोबत फिरल्या आणि तळघरात त्यांच्याशेजारी बसून जेवल्या. त्यानंतर तिथले वागणे बदलत गेले. भाषण नाही, मोर्चा नाही, फक्त शेजारी बसून जेवण. आपल्याकडे पंगतीचा अर्थ काय असतो, हे वेगळे सांगायला नको.

१८९६ मध्ये बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या बोलावण्यावरून कार्व्हर अलाबामातल्या टस्कीगी संस्थेत गेले. कापसावर कापूस घेऊन तिथली जमीन खंगली होती. त्यांनी भुईमूग, चवळी, रताळी घ्यायला शिकवले. १९०६ पासून शेतीची अवजारे आणि नमुने भरलेली गाडी शिवारात फिरू लागली. हे झाले आठवड्याचे काम. रविवारी ते बायबलचा वर्ग घेत. तो वर्ग सुमारे तीस वर्षे चालला.

१९२१ मध्ये भुईमुगावरच्या आयात कराबाबत संसदेच्या समितीपुढे त्यांना बोलायला दहा मिनिटे मिळाली. एका सदस्याने कलिंगडावरून टोमणा मारला. काळ्या माणसाला हिणवायची ती तिथली ठरलेली रीत. कार्व्हर ढळले नाहीत, शांतपणे नमुने दाखवत राहिले. समितीने मग वेळेची अटच काढून टाकली आणि ते ठरलेल्या वेळेपेक्षा बरेच जास्त बोलले.

यानंतरच्या काळात वायएमसीए आणि आंतरवंशीय सहकार्य आयोग यांच्यातर्फे ते दक्षिणेतल्या गोऱ्यांच्या कॉलेजांत फिरले. काळ्या शास्त्रज्ञाचे व्याख्यान ऐकायची त्या मुलांची बहुधा पहिलीच वेळ. त्यातले काही तरुण त्यांना वर्षानुवर्षे पत्रे लिहीत राहिले, सुटीत भेटायला येत. कार्व्हर त्यांना आपली मुलेच मानत.

पण प्रेमाने सगळे मिटले, असे म्हणणे खोटे ठरेल. १९३९ मध्ये, सत्तरी ओलांडलेल्या आणि जगभर नाव झालेल्या कार्व्हर यांना न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात खोली राखून ठेवलेली असूनही ताटकळत ठेवले गेले. कार्व्हर अन्यायाविरुद्ध उघड बोलत नाहीत, अशी टीकाही झाली. ती अगदीच चुकीची नव्हती. कायदा बदलायला पुढे लढा द्यावाच लागला. १९५५ मध्ये बसमधली जागा सोडायला नकार देणाऱ्या रोझा पार्क्स यांचा जन्म टस्कीगीचाच, आणि त्यानंतरच्या बहिष्काराचे नेते मार्टिन ल्यूथर किंग हे चर्चचे पाळक. कार्व्हर यांनी काही मने वळवली, कायदा या पुढच्या पिढीने वळवला. दोन्ही कामे लागतात.

५ जानेवारी १९४३ रोजी कार्व्हर गेले. लग्न केले नव्हते, खर्च फार नव्हता. साठवलेला पैसा त्यांनी संशोधनासाठी स्थापलेल्या प्रतिष्ठानाला दिला. टस्कीगीत बुकर वॉशिंग्टन यांच्या शेजारी त्यांना पुरले. त्याच वर्षी अमेरिकेच्या संसदेने मोझेस कार्व्हरचे ते शेत राष्ट्रीय स्मारक ठरवले. काळ्या माणसाच्या नावाचे हे त्या देशातले पहिले राष्ट्रीय स्मारक. ज्या मातीत ते गुलाम म्हणून जन्मले, ती आज त्यांच्या नावाने जपली जाते.