सुटलेली शाळा पुन्हा धरताना

आपल्या रात्रशाळेत आठवीत नाव घातले तेव्हा मी १९ वर्षांचा होतो. दिवसभर हॉटेलात कपबशा विसळायच्या आणि संध्याकाळी बाकावर बसायचे. लाज वाटे. आठवडाभरात सोडूनच देणार होतो. तेवढ्यात वर्गशिक्षकांनी महात्मा फुल्यांची हकीकत सांगितली आणि मी टिकलो. स्मरणिकेसाठी लिहायला बसलो, तर तीच आठवली.

जोतीरावांचा जन्म १८२७ चा. त्यांचे प्राथमिक शिक्षण झाले आणि शाळा सुटली. शिकलेला मुलगा शेतीच्या कामाचा राहत नाही, असे लोकांनी वडिलांच्या, गोविंदरावांच्या, मनात भरवले होते. जोतीराव मळ्यात राबू लागले. पुढे गफार बेग मुन्शी आणि लिजिटसाहेब या शेजाऱ्यांनी वडिलांची समजूत घातली, तेव्हा १८४१ मध्ये ते स्कॉटिश मिशनच्या शाळेत गेले.

सुटलेली शाळा पुन्हा धरणे म्हणजे काय, हे त्यांनी असे स्वतः अनुभवले होते. १८४८ मध्ये त्यांनी पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंना त्यांनीच शिकवले आणि त्या शिक्षिका झाल्या. या कामापायी दोघांना वडिलांचे घर सोडावे लागले. तरी १८५५ मध्ये त्यांनी शेतकरी आणि मजुरांसाठी आपल्या राहत्या घरी रात्रशाळा सुरू केली. दिवसभर कष्ट करून आलेल्या मोठ्या माणसांना हे दोघे नवराबायको शिकवीत.

१८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीरावांनी मागणी केली, की निदान १२ वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचे करा. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरच्यांना मिळतो, हे त्यांनी स्पष्ट मांडले. १८८८ मध्ये पक्षाघाताने उजवा हात गेला. साठी ओलांडलेल्या जोतीरावांनी डाव्या हाताने लिहायची सवय केली आणि आपले शेवटचे पुस्तक पुरे केले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले.

दहावी झाल्यावर मी पहिले काम केले ते आईला सही शिकवण्याचे. ती तोवर अंगठाच लावायची.

मित्रहो, आपली शाळा आजही संध्याकाळी उघडते, पण मागचे बाक रिकामे दिसतात. आपल्या इमारतीतला वॉचमन, घरकामाला येणारी ताई, कॅन्टीनमधला पोरगा यांच्यापैकी एकाला तरी यंदा शाळेच्या दारापर्यंत आणू या.