‘यमुनापर्यटना’चे कर्ते बाबा पदमनजी

कोल्हापुराहून निपाणीवरून दक्षिणेस गेले असता बेळगाव लागते. तेथे इ. स. १८३१ साली कासार ज्ञातीच्या एका खाऊनपिऊन सुखी घरी बाबा पदमनजी यांचा जन्म झाला. घरी देवधर्म कडकडीत चाले व बाबांसही त्याची मनापासून गोडी होती. पुढे बेळगाव व मुंबई येथील मिशन शाळांत त्यांचे शिक्षण झाले. जातिभेद मोडू पाहणाऱ्या परमहंस सभेतही ते काही काळ होते. परंतु ती सभा गुप्तपणे चाले. १८५४ साली बाबांनी उघडपणे बाप्तिस्मा घेतला.

१८५६ साली विधवाविवाहास सरकारी कायद्याने मोकळीक मिळाली. परंतु कायदा कागदावर राहिला, आणि केशवपनास बोलाविलेला न्हावी दाराशी येतच राहिला. पुढल्याच वर्षी बाबांचे ‘यमुनापर्यटन’ छापून निघाले. मराठीतील पहिली सामाजिक कादंबरी म्हणून ते गणले जाते. यमुना व तिचा पती विनायकराव प्रवासास निघतात, आणि ठिकठिकाणी विधवांच्या हकीकती त्यांच्या कानी पडतात. मग यमुनेवरच तो प्रसंग ओढवतो. पती जातो, केशवपनासाठी तिच्यामागे तगादा लागतो. शेवटी ती ख्रिस्ती होते व पुनर्विवाह करते. कथा म्हणून हे पुस्तक सैल आहे, व पात्रे गोष्ट सोडून उपदेशास लागतात, हे आम्हांस कबूल केले पाहिजे. (आम्हां उपदेशकांस हा दोष जरा उशिराच दिसतो!) तथापि त्या विधवांच्या हकीकती वाचताना आजही गळा दाटून येतो.

पुढे बाबा काही वर्षे पुण्यास पाळक होते. कोश, शास्त्रावरील टीका, निबंध व ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र धरून त्यांनी लहानमोठी शंभरांवर पुस्तके लिहिली. १९०६ साली ते प्रभूमध्ये निजले.

यमुनेची गोष्ट परक्यांची, असे आमच्या वाचकांनी समजू नये. आमच्या मंडळ्यांतही हळदीच्या वेळी विधवा बहिणीस मागे बसविलेले आम्ही पाहिले आहे, आणि त्या वेळी आम्हीही गप्प राहिलो. आमच्याच जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यातील हेरवाड गावच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये ठराव केला की, पती निवर्तल्यावर स्त्रीचे कुंकू पुसू नये, बांगड्या फोडू नयेत, मंगळसूत्र काढू नये. यमुनेची कथा छापली जाऊन तेव्हा १६५ वर्षे झाली होती.