कै. रावबहादूर सीताराम केशव बोले

रावबहादूर बोले १९६१ साली निवर्तले. भंडारी ज्ञातीत जन्मलेल्या या पुढाऱ्याने आपले कर्तृत्व ज्ञातीच्या कुंपणात कोंडून ठेवले नाही, म्हणूनच आम्ही त्यांचे पुण्यस्मरण करतो.

१९०७ साली भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले, तेव्हा भरलेल्या अभिनंदनाच्या सभेचे अध्यक्षस्थान बोले यांनी भूषविले. पुढे ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात त्यांनी ठराव संमत करून घेतला. सार्वजनिक पैशाने बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा व दवाखाने अस्पृश्यांस खुले असावेत, असा त्याचा आशय होता. परंतु अंमलबजावणी होईना. तेव्हा १९२६ साली, जी नगरपालिका तो पाळणार नाही तिचे सरकारी अनुदान बंद करावे, असा दुसरा ठराव त्यांनी आणला. महाडच्या नगरपालिकेने तळे खुले केल्याचे ठरविले होते. तरी ओंजळभर पाण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी सत्याग्रहच करावा लागला.

कायदा दार उघडतो. उंबरठा माणसांच्या मनात असतो. दादरला बोले यांच्या नावाचा रस्ता आहे. त्या रस्त्याने आपण अनेकदा जातो. त्यांच्या मार्गाने किती जातो, याचा विचार प्रत्येक ज्ञातिबांधवाने आपल्या घरी करावा, हीच आमची विनंती.