प्रपंचातील माउली : बहिणाबाई चौधरी

श्रीविठ्ठलभक्त वाचकहो, कीर्तनात बहिणाबाईंचे नाव घेतले की आमच्या सांप्रदायिक श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे शिऊरच्या संत बहिणाबाई उभ्या राहतात. तुकोबारायांच्या त्या शिष्या. त्यांचा काळ 1628 ते 1700. त्यांचे अधिष्ठान थोर आहे, त्याविषयी शंका नाही. परंतु आज आम्ही ज्या बहिणाबाईंचे स्मरण करणार आहोत, त्या खानदेशातल्या एका शेतकऱ्याच्या घरच्या लक्ष्मी. ना त्यांनी मठ पाहिला, ना पोथी वाचली. अक्षरओळखच नव्हती, मग पोथी कोठून वाचणार?

जळगावजवळ आसोदे नावाचे गाव आहे. तेथे 1880 साली नागपंचमीच्या दिवशी महाजनांच्या घरी बहिणाबाई जन्मल्या. वडील उखाजी, आई भिमाई. घर शेतीचे आणि भावाबहिणींनी भरलेले. वयाच्या तेराव्या वर्षी जळगावच्या नथुजी खंडेराव चौधरी यांच्याशी त्यांचे लग्न झाले आणि त्या चौधरीवाड्यात आल्या. त्या काळच्या सुनेचा दिवस कसा असे, हे आमच्या मायबहिणींना सांगायला नको. पहाटे जाते, मग चूल, मग शेत, आणि दिवेलागणीला पुन्हा चूल. ओंकार आणि सोपानदेव हे दोन मुलगे आणि काशी ही मुलगी. संसाराला फळे आली.

आणि वयाच्या तिसाव्या वर्षी कपाळाचे कुंकू गेले. सोपानदेव 1907 सालचे, म्हणजे तेव्हा अवघे दोन-तीन वर्षांचे. पुढे प्लेगाच्या आजाराने ओंकारला कायमचे अपंगत्व आले. काय सांगावे! एकेका घावाने माणूस देवाला बोल लावतो. ही बाई मात्र पदर खोचून शेतात उभी राहिली. हात पाहून भविष्य सांगणाऱ्याला तिने आपल्या गाण्यातून परतच धाडले. नशिबाच्या रेषेपेक्षा कष्ट करणाऱ्या मनगटावर तिचा भरवसा. यात देवाची अवज्ञा नाही हो! देवाने दिलेले हात देवाच्याच कामी लावणे, हा तिचा धर्म होता.

हात कामात आणि ओठांवर गाणे, असे तिचे चाले. जनाबाईंनी दळताकांडता विठ्ठलाला आळवले, तीच ही वाट. पेरणी, कापणी, रगडणी, उपणणी अशी शेतीची एकेक कामे तिच्या गाण्यात आली. घरोट आला, चूल आली, सुगरण पक्ष्याचे घरटे आले, आणि विठ्ठलही आला. बोली तिची घरचीच, लेवा गणबोली. व्याकरण तिने शिकले नाही, पण ओवीचा ताल जात्याने शिकवला. ही गाणी तिने स्वतः कधी कागदावर उतरवली नाहीत. सोपानदेव पुढे स्वतः कवी झाले. त्यांनी आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी जी टिपून ठेवली, तेवढी राहिली. बाकीची वाऱ्याबरोबर शिवारात गेली.

3 डिसेंबर 1951 रोजी बहिणाबाईंनी देह ठेवला. त्यानंतर सोपानदेवांनी आईच्या गाण्यांची वही आचार्य अत्रे यांना दाखवली. अत्र्यांनी ती गाणी लोकांपुढे आलीच पाहिजेत असा आग्रह धरला, आणि 1952 साली त्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' हे पुस्तक निघाले. पुढे 1961 च्या 'मानिनी' चित्रपटामुळे ती गाणी घरोघर पोचली. 2018 साली जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचे नाव देण्यात आले. जिने शाळेचा उंबरा ओलांडला नाही, तिच्या नावाने आज पदव्या मिळतात!

आता आमचा एक अपराध सांगतो. चाळीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. आमचे कारंजे म्हणजे श्रीनृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान. येथील एका सप्ताहात आमचे कीर्तन होते. विषय मनाच्या चंचलतेचा. पाठशाळेतून नुकतेच बाहेर पडलेलो, अंगात पांडित्य सळसळत होते. गीतेचा सहावा अध्याय, भाष्य, टीका, सारे ओतले. माना डोलल्या, आम्ही खूश झालो. कीर्तन सरल्यावर पऱ्हाटीच्या वेचणीने बोटे ओरखडलेली एक म्हातारी पाया पडायला आली. आम्ही सांगितले ते तिला ध्यानी आले नव्हते. पण मन म्हणजे उभ्या पिकात शिरणारे मोकाट ढोर, कितीही हाकला तरी फिरून येणारे, असे बहिणाबाईने गायले आहे, ते का सांगितले नाही, असे तिने भाबडेपणाने विचारले. ही ग्राम्य गाणी कीर्तनात शोभत नाहीत, असे म्हणून आम्ही तिला वाटेला लावले. रात्री मात्र झोप येईना. अर्जुनाने मनाला वाऱ्याची उपमा दिली, ती राजपुत्राची. ज्याने पीक राखले त्याला ढोराचीच उपमा कळणार! आणि भगवंताने सांगितलेला अभ्यास तरी काय? फिरून फिरून हाकलणे, हाच ना?

दुसऱ्या दिवशी आम्ही कीर्तनात तेच उदाहरण घेतले. बाया रडल्या. ती म्हातारी मात्र त्या दिवशी आली नव्हती. तिची क्षमा मागायची राहून गेली, ती राहिलीच.

वारकरी पंथाने प्रपंच टाकायला कधी सांगितले नाही. सावतोबांना अरणच्या मळ्यातच पांडुरंग भेटला. तेव्हा आषाढीला जाताना ज्या माउलीला पेरणीमुळे घर सोडता येत नाही, तिची वारी चुकली असे कोणी म्हणू नये. तिच्या हातच्या भाकरीवरच आपली दिंडी चालते. परत आल्यावर प्रसादाबरोबर दोन घटका तिच्यापाशी बसा, तिच्या ओठांवरचे गाणे ऐका, आणि जमेल तर लिहून घ्या. सोपानदेवांनी लिहिले म्हणून एक बहिणाबाई उरली. न लिहिलेल्या किती गेल्या, ते त्या पंढरीनाथालाच ठाऊक.

रामकृष्णहरी.